शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि अफूजन्य औषधांचा मोजका वापर

वार्षिक अहवाल सादर करताना जमाखर्चाच्या तक्त्यांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची माहिती सोप्या भाषेत देण्याचा प्रघात आपल्या रुग्णालयाने ठेवला आहे. यंदा त्यासाठी सौंदर्य-शस्त्रक्रिया व पुनर्रचना शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचे व्यवस्थापन हा विषय निवडला आहे. प्लास्टिक सर्जरी विभागाच्या दारात रुग्णांचे नातेवाईक आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारतात. पहिला, ‘एवढे दुखते आहे, तर जोरदार इंजेक्शन का देत नाही?’ आणि दुसरा, ‘त्या इंजेक्शनची सवय तर लागणार नाही ना?’ पुष्कळदा एकाच कुटुंबातील दोन व्यक्ती हे दोन प्रश्न एकाच वेळी विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची एकत्रित उत्तरे द्यावीत, हा या लेखाचा हेतू आहे.

हा विभाग धर्मादाय रुग्णालयात कशासाठी?

काही देणगीदारांच्या मनात आणखी एक शंका असते, ती प्रथम दूर करणे उचित ठरेल. दुभंगलेल्या ओठाचे बालक, भाजल्यामुळे मान किंवा कोपर आखडलेली गृहिणी, यंत्रात हात सापडलेला कामगार यांच्यासाठी प्लास्टिक सर्जरी हवी, हे सर्वांना पटते. परंतु पोटावरील सैल त्वचा काढणे, नाकाला आकार देणे किंवा चरबी शोषून काढणे या शस्त्रक्रिया धर्मादाय संस्थेने का कराव्यात?

याचे उत्तर असे, की शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह दोन्हींसाठी एकच असते आणि सौंदर्य-शस्त्रक्रियेचा रुग्ण पूर्ण शुल्क भरतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार इतर रुग्णांच्या एकूण देयकाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. म्हणजे पूर्ण शुल्क भरणाऱ्या रुग्णाचा काही वाटा बाजूच्या खाटेवरील बालकाच्या उपचाराला लागतो. वेदनेपुरते बोलायचे, तर टाक्यांखालच्या मज्जातंतूला देयक कोणी भरले हे ठाऊक नसते. म्हणून वेदनाशमनाची पद्धत दोन्ही खाटांवर एकच असावी, असा आमचा आग्रह आहे.

थोडा पूर्वेतिहास

या शास्त्राचा आपल्या भूमीशी जुना संबंध आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. तो वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया केली. या दोन्ही रुग्णांच्या वेळी भूल नव्हती. ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेत बोस्टन येथे व्हायला १८४६ साल उजाडावे लागले.

वेदनाशमनाचे दोन प्रवाह पुढे समांतर वाहत गेले. अफूपासून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत वेगळे करण्यात आले. दुसरा प्रवाह जागच्या जागी बधिरता आणणाऱ्या औषधांचा. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचे थेंब वापरले आणि १९४३ मध्ये स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी त्याहून कितीतरी सुरक्षित असे लिग्नोकेन तयार केले. आज दंतवैद्याकडे हिरडी बधिर करणारे इंजेक्शन बहुधा याच औषधाचे असते. या दोन प्रवाहांपैकी पहिल्यावरचा भार कमी करून दुसऱ्यावर अधिक विसंबणे, हे आजच्या पद्धतीचे सार आहे.

अफूजन्य औषधांचे गुण आणि दोष

मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन, ट्रामाडॉल ही अफूजन्य अथवा त्याच जातीची औषधे होत. मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहकांवर बसून ती वेदनेची जाणीव मंद करतात. तीव्र वेदनेवर त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु त्यांचे कार्य जखमेच्या जागेपुरते मर्यादित राहत नाही. मळमळ, उलटी, गुंगी, खाज, बद्धकोष्ठता, लघवी अडकणे हे त्रास त्यांच्याबरोबर येतात आणि मात्रा वाढल्यास श्वसन मंदावते.

सौंदर्य-शस्त्रक्रियेनंतर हे त्रास विशेष नडतात. चेहऱ्याची त्वचा ताणून बसवलेल्या रुग्णाला उलट्यांचा उमाळा आला की रक्तदाब चढतो आणि त्वचेखाली रक्त साकळण्याचा धोका वाढतो. पोटाचे स्नायू आवळून शिवलेल्या रुग्णाला शौचास कुंथावे लागले, तर ताण नेमका टाक्यांवर येतो. गुंगीत पडून राहणारा रुग्ण चालत नाही आणि न चालल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर या गुठळीला शल्यचिकित्सक फार जपतात. वेदना कमी व्हावी म्हणून दिलेले औषधच बरे होण्याच्या वाटेत असे आडवे येऊ शकते.

अमेरिकेचा धडा

सवयीची भीती पोकळ आहे का? अमेरिकेचा अनुभव तसे म्हणू देत नाही. १९९० नंतरच्या दशकात तेथे वेदनेकडे अधिक लक्ष द्यावे असा विचार बळावला. तो मुळात सद्हेतूचा होता. परंतु १९९६ पासून बाजारात आलेल्या दीर्घकाळ काम करणाऱ्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांचा आक्रमक प्रचार झाला आणि साध्या शस्त्रक्रियेनंतरही गोळ्यांच्या भरलेल्या बाटल्या घरी जाऊ लागल्या. २०१७ मध्ये तेथील शासनाला या प्रश्नावरून सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. पुढे बेकायदा फेंटानिलने कहर केला आणि २०२१ व २०२२ या प्रत्येक वर्षी अफूजन्य द्रव्यांशी निगडित मृत्यू ८० हजारांवर गेले.

२०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३६ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. पूर्वी ही औषधे न घेतलेल्या या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्के रुग्ण तीन महिने उलटून गेल्यावरही ती घेत होते. शस्त्रक्रिया न झालेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होते. शस्त्रक्रिया मोठी असो वा लहान, प्रमाणात फारसा फरक नव्हता. यावरून असे दिसते, की सवय जडण्याला केवळ जखमेची तीव्रता कारण नसते. रुग्ण निरोगी असतो, शस्त्रक्रिया स्वेच्छेने करवून घेतो आणि घरी नेलेल्या जादा गोळ्यांमुळे नवा विकार घेऊन बसतो. ज्या शस्त्रक्रियेची घाई नसते, तिच्यापायी असे घडणे अधिकच अनुचित होय.

एका औषधावर भिस्त न ठेवता

यावरील उपाय म्हणजे वेदना सोसायला लावणे नव्हे. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट व त्यांचे सहकारी डाल यांनी १९९३ मध्ये संतुलित वेदनाशमनाचा विचार सुस्पष्टपणे मांडला. वेदनेचा संदेश जखमेत निर्माण होतो, मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूत जातो आणि मेंदूत जाणवतो. या मार्गावर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या औषधांनी थोडा थोडा अटकाव केला, तर कोणत्याच औषधाची मोठी मात्रा लागत नाही. गुंतवणूक एकाच ठिकाणी ठेवू नये, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना शिकवलेले तत्त्व येथेही लागू पडते. आपल्या रुग्णालयात त्याचा अवलंब पुढील टप्प्यांनी केला जातो.

शस्त्रक्रियेपूर्वी: भूलतज्ज्ञ रुग्णाशी व एका नातेवाइकाशी बोलतात. किती दिवस दुखेल, कोणत्या दिवशी अधिक दुखेल, शून्य ते दहा या पट्टीवर वेदना कशी सांगावी, हे आधी समजावले जाते. अजिबात दुखणार नाही असे आश्वासन देण्यात येत नाही. उठता, चालता, खोल श्वास घेता आणि झोपता यावे इतपत वेदना आटोक्यात ठेवू, असे सांगण्यात येते. पुढे काय होणार हे ठाऊक असलेला रुग्ण पहिल्या रात्री कमी घाबरतो आणि भीती कमी असली की वेदनाही कमी जाणवते.

शस्त्रक्रिया चालू असताना: रुग्ण पूर्ण भुलेखाली असला तरी जखमेच्या जागी बधिरतेचे औषध दिले जाते. चरबी शोषण्याच्या शस्त्रक्रियेत लिग्नोकेन व ॲड्रिनॅलिन मिसळलेले विरळ द्रावण त्वचेखाली भरण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि वेदनाही पुष्कळ काळ दबून राहते. पोटाच्या शस्त्रक्रियेत खरी वेदना त्वचेपेक्षा आवळलेल्या स्नायूंची असते. म्हणून पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या थरांमधून जाणारे मज्जातंतू सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून बधिर केले जातात. दुभंगलेल्या ओठाच्या बालकाला डोळ्याखालच्या हाडातून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूपाशी औषधाचा एक छोटा डोस दिला, की ते पुष्कळ शांतपणे जागे होते आणि लवकर दूध घेऊ लागते. अर्थात या औषधांनाही मर्यादा आहे. वजनाच्या प्रमाणात कमाल मात्रा आधी मांडून फलकावर लिहिली जाते आणि औषध रक्तात जास्त गेल्यास उतारा म्हणून लागणारे स्निग्ध द्रावण शस्त्रक्रियागृहात हाताशी ठेवले जाते.

शस्त्रक्रियेनंतर: पॅरासिटामॉल, आणि प्रकृतीला चालत असल्यास आयब्युप्रोफेन अथवा सेलेकॉक्सिबसारखे सूज उतरवणारे औषध, घड्याळानुसार दिले जाते. रुग्णाने मागितल्यावर गोळी देणे आणि ठरल्या वेळी देणे यांत मोठा फरक आहे. वेदना एकदा अनावर झाली, की ती खाली आणायला औषध अधिक लागते. तूट वाढू दिल्यावर ती भरून काढणे अवघड जाते, तसेच हे आहे. मळमळ टाळण्यासाठी भुलेच्या वेळी दिलेल्या डेक्सामेथासोनच्या एका डोसाचा वेदनेलाही थोडा उपयोग होतो.

औषधाविना करावयाचे उपायही तितकेच महत्त्वाचे आहेत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यांखाली उशी देऊन रुग्णाला किंचित वाकलेल्या स्थितीत ठेवल्यास टाक्यांवरचा ताण उतरतो. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर डोके उंच ठेवावे. आधार देणारा पट्टा नीट बसलेला असावा. बर्फाचा शेक डॉक्टरांनी सांगितला तरच व कापडात गुंडाळून द्यावा. बधिर त्वचेला गारठा कळत नाही आणि नव्याने बसवलेल्या त्वचेला तो बाधू शकतो.

या सर्वांनंतरही वेदना आवरली नाही, तर अफूजन्य औषध दिले जाते. लहान मात्रेत, थोड्या काळासाठी आणि श्वसनावर नजर ठेवून. त्याचा उतारा असलेले नॅलोक्सोन वॉर्डात ठेवलेले असते.

सर्वांना एकच औषध चालत नाही

कमी अफूजन्य म्हणजे आपोआप निर्धोक असे मात्र नाही. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास सूज उतरवणारी औषधे वर्ज्य करावी लागतात. यकृताचा विकार किंवा अंगयष्टी फार कृश असल्यास पॅरासिटामॉलची मात्राही घटवावी लागते. कोडीन व ट्रामाडॉल बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. काही मुलांच्या शरीरात या औषधांचे रूपांतर अपेक्षेपेक्षा फार वेगाने होते व श्वास मंदावतो, हे त्याचे कारण. गाबापेंटिन व प्रीगाबालिन ही औषधे काही वर्षे शस्त्रक्रियेपूर्वी सर्रास दिली जात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात त्यांचा लाभ नगण्य दिसला आणि गरगरणे मात्र वाढलेले आढळले. म्हणून सरसकट वापर आता योग्य मानला जात नाही.

संशोधन थांबलेले नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन या नव्या जातीच्या गोळीला मान्यता मिळाली. ती मेंदूऐवजी वेदनावाहक मज्जातंतूंवर काम करते. तिच्या मुख्य चाचण्यांपैकी एक पोटाची सैल त्वचा काढलेल्या रुग्णांवरच झाली. निष्क्रिय गोळीपेक्षा ती सरस ठरली. अफूजन्य औषध व पॅरासिटामॉल यांच्या संयुक्त गोळीपेक्षा सरस ठरली नाही. अमेरिकेत बाजारात येताना तिची घाऊक किंमत एका गोळीला १५.५० डॉलर होती. तेव्हा नव्या औषधाचे स्वागत करावे, पण स्वस्त, जुन्या व पारखलेल्या उपायांची घडी मोडू नये, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे.

दुसरी बाजू: नाकारणे हाही दोषच

अमेरिकेचा धडा घेताना भारताचा स्वतःचा धडा विसरता कामा नये. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात शासकीय परवान्याने अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनविना तळमळत गेले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत व शिक्षेची भीती यांमुळे अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांची वाट मोकळी झाली. ट्रामाडॉल हे औषध २०१८ पासून याच कायद्याच्या कक्षेत आले आहे.

म्हणून आमची भूमिका निःसंदिग्ध आहे. औषध कुलपात राहील, प्रत्येक मात्रेची नोंद होईल, परंतु ज्याला त्याची गरज आहे त्याला ते मध्यरात्रीही मिळेल. भाजलेल्या रुग्णाचे ड्रेसिंग बदलताना अथवा कर्करोगाच्या रुग्णाच्या अखेरच्या दिवसांत ‘मोजका वापर’ या शब्दांचा आधार घेऊन हात आखडता घेणे, हा या पद्धतीचा विपर्यास ठरेल.

घरी गेल्यावर

रुग्णांच्या आप्तेष्टांनी पुढील गोष्टी कृपया ध्यानात ठेवाव्यात.

१. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेल्या वेळी गोळ्या द्याव्यात. पहिले दोन-तीन दिवस दुखण्याची वाट पाहू नये.

२. बाजारातील अनेक संयुक्त वेदनाशामक व सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. वेगळ्या नावाच्या दोन गोळ्या एकत्र दिल्यास मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला इजा पोचू शकते. घरात पूर्वीच्या दुखण्यासाठी आणलेली गोळी विचारल्याविना देऊ नये.

३. अफूजन्य गोळी दिली असेल, तर ती झोपेच्या गोळीबरोबर वा मद्याबरोबर घेऊ नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला न देता पुढच्या तपासणीच्या वेळी दाखवाव्यात.

४. वेदना दिवसागणिक उतरत गेली पाहिजे. ती एकाएकी वाढली, एकाच बाजूला सूज व ताठरपणा आला, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर वाढीव गोळी न देता तत्काळ रुग्णालयात यावे. अशा वेळी वेदना हा शरीराने धाडलेला निरोप असतो, तो दाबून टाकू नये.

देणगीचा विनियोग

या पद्धतीचा खर्च तपासताना आमच्या असे लक्षात येते, की औषधांचे देयक त्यात अगदी किरकोळ असते. पॅरासिटामॉल, लिग्नोकेन, बुपिव्हाकेन ही सर्व जुनी व स्वस्त औषधे आहेत. खर्च होतो तो सोनोग्राफी यंत्रावर, ते वापरणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या वेळेवर आणि दर काही तासांनी वेदनेचा आकडा केसपेपरवर लिहिणाऱ्या परिचारिकांच्या प्रशिक्षणावर. यंत्र दिसते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. परिचारिकेने पहाटे तीन वाजता रुग्णाजवळ थांबून विचारलेल्या प्रश्नावर पाटी लावता येत नाही. तरीही या सर्व व्यवस्थेत सर्वाधिक मोलाचा भाग तोच आहे, हे दात्यांपुढे नम्रपणे मांडावेसे वाटते. येत्या वर्षात देणगी देताना यंत्रसामग्रीबरोबर प्रशिक्षणाचाही विचार व्हावा, ही विनंती.

रुग्णाची वेदना कमी करणे आणि त्याला नव्या परावलंबनापासून वाचवणे ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत. ती एकाच वेळी पार पाडण्यासाठी अधिक देखरेख, अधिक संवाद आणि थोडा अधिक वेळ लागतो.